शेतकरी बाजाराला मदत हवीच, पण बाजारातली सगळी माणसं मोजा

आमच्या घरी सोमवार पहाटे तीनला सुरू होतो. तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार सोमवारी असतो आणि चारला सौदे निघतात. त्याआधी अब्बांना तिथं उभं राहायचं असतं. आम्ही बागवान. पणजोबा डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव फिरले, आजोबांनी सायकल घेतली, अब्बांनी हातगाडी. आता भाड्याच्या छोट्या हत्तीतून माल येतो. मी शिकलो, शहरात नोकरीला लागलो, तरी सुट्टीचा सोमवार आला की पालाखाली जाऊन बसतो. मेथीच्या जुड्या बांधायला हात अजून विसरलेले नाहीत.

माझा मामेभाऊ भाजी विकत नाही, पिकवतो. दोन एकर रान त्यानं खंडानं घेतलंय. वांगी, दोडका, कोथिंबीर, अधूनमधून मिरची. दोन वर्षांपूर्वी जवळच्या शहरात दर रविवारी ‘शेतकरी ते थेट ग्राहक’ असा बाजार सुरू झाला. मैदानाला भाडं नाही, तंबू फुकट, चौकाचौकात बॅनर, मोबाइलवर जाहिरात. मदत सरकारी. मामेभाऊ आनंदानं अर्ज घेऊन गेला. तिथं सातबारा मागितला. सातबारा मालकाच्या नावावर. खंडाचा कागद मागितला. तो कागद आमच्या भागात कुणी करूनच देत नाही. खिडकीतला माणूस वाईट नव्हता. “नियम असा आहे, भाऊ,” म्हणाला. मग अर्जावरचं आडनाव वाचून म्हणाला, “तसंही तुमचा धंदा व्यापाराचाच ना?”

ज्या मालकानं गेल्या दहा वर्षांत त्या बांधावर पाय ठेवलेला नाही, त्याला त्या बाजारात जागा मिळू शकली असती. जो रोज सकाळी गुडघाभर चिखलात उभा असतो, त्याला मिळाली नाही.

ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली, त्यातल्या अर्ध्या लोकांनी एकच निष्कर्ष काढला: हे शेतकरी बाजार आपल्या विरोधात आहेत. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, आणि आपण तरुणांनी यात काय करायला हवं, ते सांगण्यासाठी हा लेख लिहितोय.

आधी आपल्याच घरातलं कबूल करू. थेट विक्रीची मागणी आकाशातून पडलेली नाही. शेतकरी पहाटे माल घेऊन बाजार समितीत येतो. लिलाव होतो, हातात पट्टी पडते. त्या पट्टीत हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा झालेलं असतं. पूर्वी अडतही त्याच्याच खिशातून जायची. सणासुदीला किंवा पेरणीला घेतलेली उचल फेडायची म्हणून तो दुसऱ्या कुणाला माल देऊही शकत नाही. अब्बा लहान व्यापारी, तरी तेही म्हणतात, “दर पडला तर शेतकऱ्याचा, चढला तर आमचा, असं लई वेळा झालंय.” गड्डीत एक जुडी जादा धरणं, वजनात सूट कापणं, हे आपल्या धंद्यातही झालंय. ते झाकून शेतकरी बाजारावर टीका करायला लागलो, तर कुणी ऐकणार नाही आणि ऐकूही नये.

म्हणून थेट बाजाराचे प्रयोग झाले. आंध्र प्रदेशात जानेवारी १९९९ मध्ये रयतू बाजार सुरू झाले. त्याच वर्षी तमिळनाडूत मदुराईला पहिली उळवर संधै, म्हणजे शेतकऱ्यांची मंडई, उघडली. तिथं शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र, बसायला विनाभाडं जागा, वजनकाटा, आणि दारातच फलकावर त्या दिवसाचा दर. गिऱ्हाइकालाही कळतं आणि विकणाऱ्यालाही. महाराष्ट्रात बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा. जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला त्याच्या नियमनातून बाहेर काढला गेला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. त्याच वर्षी पणन मंडळानं संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहणाऱ्या संताचं नाव भाजीबाजाराला देणं, हे मला आवडलं. यात आपल्या विरोधातलं काय आहे?

विरोधात काही नाही. पण अपुरं बरंच आहे. त्यातल्या तीन गोष्टींवर बोलायला हवं.

पहिली गोष्ट, पैसा कशावर खर्च होतो. आमच्या गावात काही वर्षांपूर्वी बाजारासाठी सिमेंटचे ओटे बांधले. बांधले ते बाजाराच्या मागच्या अंगाला, जिकडं गिऱ्हाईक फिरकत नाही. आज त्या ओट्यांवर मोटारसायकली लागतात आणि विकणारे पूर्वीसारखेच रस्त्याकडेला बसतात. भाजी विकायला पन्नासेक बाया येतात. त्यांच्यासाठी मुतारी नाही. एक मावशी मला म्हणाल्या, “बाजाराच्या दिवशी सकाळपासनं पाणीच पीत नाही बाबा.” त्या चाळीस वर्षं या बाजारात येतात. ओटे कुणाला विचारून बांधले, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

केंद्राच्या २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात देशातल्या २२,००० ग्रामीण हाटांना ‘ग्रामीण कृषी बाजार’ करायची घोषणा झाली होती आणि कृषी बाजारांच्या पायाभूत सुविधांसाठी २,००० कोटींचा निधी जाहीर झाला होता. विचार चांगला होता, कारण तो आहे त्या बाजारापासून सुरू होत होता. पण ‘पायाभूत सुविधा’ म्हटलं की आपल्याकडं सिमेंट आठवतं. बाजार सिमेंटनं चालत नाही. तो चालतो माल वेळेवर आल्यानं, वजन खरं असल्यानं, गिऱ्हाइकाला कळल्यानं आणि कुणीतरी रोज त्याकडं लक्ष दिल्यानं.

दुसऱ्या देशात हे वेगळ्या पद्धतीनं केलेलं आहे. अमेरिकेत शेतकरी बाजारांच्या प्रसारासाठी एक सरकारी अनुदान योजना आहे. २००२ च्या शेती कायद्यात तिची तरतूद झाली, २००६ पासून पैसे मिळायला लागले. त्या अनुदानातून जाहिरात करता येते, विक्रेत्यांना प्रशिक्षण देता येतं, लोकांपर्यंत पोचायचा खर्च भागवता येतो. इमारत बांधायला किंवा जमीन घ्यायला मात्र ते वापरता येत नाही. तिथल्या शेतीचे प्रश्न वेगळे आहेत, आपण त्यांची नक्कल करावी असं मी म्हणत नाही. पण ‘हा पैसा माणसांवर आणि प्रसारावर, बांधकामावर नाही’ हा नियम आपल्याकडंही लागू व्हायला हरकत नाही. तिथं आणखी एक प्रयोग आहे. २००९ मध्ये डेट्रॉइट शहरात सुरू झाला. सरकारी अन्नमदत घेणारं गरीब कुटुंब शेतकरी बाजारात जेवढं खर्च करतं, तेवढ्याच रकमेची फळं-भाजी त्याला जास्तीची मिळते. म्हणजे शेतकऱ्याचाही फायदा आणि गरीब गिऱ्हाइकाचाही. आपल्याकडं शेतकरी बाजार बहुतेक वेळा चांगल्या सोसायट्यांच्या शेजारी भरतो. मोमीनपुऱ्यात, भीमनगरात, कामगार वस्तीत का भरत नाही? ताजी भाजी तिथंही लागतेच.

दुसरी गोष्ट, शेतकरी कुणाला म्हणायचं. मामेभावाचं प्रकरण इथं येतं. आपल्याकडं १९४८ चा कूळकायदा आहे. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर हजारो कुळं जमिनीची मालक झाली. फार मोठं काम झालं ते. पण त्याची दुसरी बाजू अशी की आज जमीन कसायला देणारा मालक कागद करायला घाबरतो. लिहून दिलं तर जमीन जाईल, ही भीती. मग सगळा व्यवहार तोंडी. खंडानं, वाट्यानं, अर्धेलीनं कसणारा माणूस कागदावर कुठंच दिसत नाही. ई-पीक पाहणी असो, पीक कर्ज असो, बाजारातली जागा असो, सगळीकडं सातबारा. यात फक्त मुसलमान अडकत नाहीत. भूमिहीन दलित अडकतो, धरणग्रस्त अडकतो, आणि सगळ्यात जास्त बाई अडकते. शेतात राबते ती, बाजारात बसते ती, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. म्हणून मामेभावाला मी म्हटलं, हा फक्त तुझ्या आडनावाचा प्रश्न म्हणून लढू नकोस. तसा लढलास तर एकटा पडशील. बांधावरच्या सगळ्यांचा म्हणून लढ.

उपाय अवघड नाही. कृषी सहाय्यक किंवा तलाठ्यानं उभं पीक बघून दाखला द्यावा: या हंगामात, या गटात, या माणसानं हे पीक घेतलंय. मालकी हक्काचा त्यात उल्लेखच नको, म्हणजे मालकालाही भीती नाही. हा दाखला फक्त बाजारातल्या जागेसाठी चालावा. एवढं झालं तरी शेकडो खरे पिकवणारे आत येतील, आणि सातबारा दाखवून दुसऱ्याचा माल विकणारे काही जण बाहेर जातील. कायद्याचा आधारही आहे. शेतकरी उत्पादक कंपनीच्या कायद्यात ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या शेतमालाच्या उत्पादनाशी संबंधित काम करणारी व्यक्ती अशी आहे. जमिनीची मालकी हवी, असं त्या व्याख्येत नाही. मग बाजाराच्या अर्जात ती अट कशासाठी?

तिसरी गोष्ट, ‘दलाल’ हा शब्द. शेतकरी बाजाराच्या बॅनरवर तो हमखास असतो: दलालमुक्त. बाजार समितीत गाळा घेऊन बसणारा, लाखोंची उलाढाल करणारा अडत्या आणि दोन कॅरेट टोमॅटो उधारीवर उचलून संध्याकाळपर्यंत दीड-दोनशे रुपये सुटतील या आशेनं बसणारी बाई, दोघांना आपण एकाच शब्दात बसवतो. तिला शेतकरी बाजारात जागा नाही, कारण ती पिकवत नाही. रस्त्यावर बसली तर अतिक्रमण. मग तिनं बसायचं कुठं? शेतकऱ्यालाही रोज शहरात येऊन दिवसभर बसायला वेळ नसतो. रानात पाणी कोण देणार, फवारणी कोण करणार? उरलेला माल संध्याकाळी कोण घेणार? तो घेणारी ही छोटी विक्रेतीच असते. शेतकरी आणि छोटा विक्रेता यांना एकमेकांपुढं उभं करून कुणाचंच भलं होत नाही. एकाच बाजारात दोन रांगा करा. एका रांगेवर पाटी ‘स्वतः पिकवलेलं’, दुसरीवर ‘विकत आणलेलं’. दारात दराचा फलक. मध्ये तपासलेला एक सार्वजनिक वजनकाटा. गिऱ्हाईक शहाणं असतं, ते ठरवेल.

माझा हा आग्रह नवा नाही आणि परकाही नाही. हदीसमध्ये एक स्पष्ट मनाई आहे: माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला शहराबाहेर गाठून, बाजारभाव कळायच्या आत त्याचा माल विकत घेऊ नका. म्हणजे पिकवणाऱ्याला भाव कळायचा हक्क आहे. मदिन्यात पैगंबरांनी (स.) बाजारासाठी जागा मोकळी करून दिली आणि तिथं बसणाऱ्यांकडून कर घ्यायचा नाही असं ठरवलं, असं जुने इतिहासकार सांगतात. मापात मारणाऱ्यांबद्दल कुरआनात काय म्हटलंय, ते आपण सगळे लहानपणी शिकलोय. शेतकऱ्याच्या भावाची बाजू घेणं ही आपल्यासाठी पाहुण्याच्या घरची गोष्ट नाही.

आता एका अवघड गोष्टीकडं येतो. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर निरोप फिरतात: भाजी घेताना विकणाऱ्याचं नाव विचारा, मग घ्या. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्याचा चटका बसला असेल. आमच्याही बसला. रोजचं एक गिऱ्हाईक महिनाभर रस्ता बदलून गेलं. मग एक दिवस परत आलं, शेपूची जुडी घेतली, काहीच बोललं नाही. अब्बांनीही काही विचारलं नाही, वर कढीपत्ता टाकला. यावर आपल्यातले काही जण म्हणतात, आपण आपला वेगळा बाजार काढू, आपल्याच लोकांकडून घेऊ. राग मला समजतो. पण वांगी मराठा शेतकऱ्याची, मिरची धनगराची, केळीची गाडी हाकणारा वंजारी, हमाल मातंग, विकणारा बागवान आणि घेणारे सगळेच. याला बाजार म्हणतात. तो वेगळा काढला की उरतं ते फक्त दुकान. आपल्याला बाहेर ढकलणाऱ्यांचं काम आपणच कशाला पूर्ण करायचं?

त्यापेक्षा आत जाऊ. जिथं अर्ज लिहिले जातात, याद्या होतात, पैसे वाटले जातात, तिथं जाऊन बसू. आपल्या पोरांकडं लॅपटॉप आहे, मराठी-इंग्रजी आहे, फॉर्म भरायची सवय आहे. आपल्या बापांकडं ते नव्हतं. चार कामं सांगतो, चारही कुणालाही जमणारी.

एक, माहितीचा अधिकार. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांत. नगरपरिषदेला विचारा: गेल्या तीन वर्षांत आठवडी बाजाराचा ठेका किती रुपयांना गेला आणि बाजाराच्या जागेवर किती खर्च झाला? गावात असाल तर हाच प्रश्न ग्रामसभेत विचारा. माझा अंदाज असा की बाजारातून येणारा पैसा आणि बाजारावर होणारा खर्च यांत बरंच अंतर सापडेल. मुतारी आणि पाण्याच्या मागणीला त्या आकड्याएवढा दुसरा आधार नाही.

दोन, पथविक्रेता कायदा. २०१४ चा हा कायदा शहरांना आणि नगरपरिषदांच्या गावांना लागू आहे. त्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश महिला. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक आणि अपंग विक्रेत्यांना योग्य प्रतिनिधित्व द्यावं, असं कायदाच म्हणतो. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करायचीही तरतूद आहे. तुमच्या गावात ही समिती आहे का? तुमच्या चाच्याचं, खालाचं नाव सर्वेक्षणात आलंय का? २०२० पासून फेरीवाल्यांना स्वनिधी योजनेतून कर्ज मिळालं, पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता. अनेकांना तो यादीत नाव नसल्यामुळं मिळाला नाही.

तीन, शेतकरी उत्पादक कंपनी. फेब्रुवारी २०२० मध्ये देशात १०,००० कंपन्या उभ्या करायची योजना आली. मैदानी भागात किमान ३०० सभासद आणि व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. आपल्या तालुक्यातली कंपनी शोधा. घरात कुणी पिकवत असेल तर सभासद करा आणि सभेला पाठवा. कंपनीला हिशेब ठेवणारी, मोबाइलवर ऑर्डर घेणारी पोरं हवीच असतात.

चार, बचत गट. लोणचं, मसाला, चटणी करणाऱ्या गटांसाठी त्याच वर्षी आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत सदस्यामागं ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल आणि ब्रँडिंग-विक्रीसाठी निम्मा खर्च अशी तरतूद केली गेली. आपल्या मोहल्ल्यातल्या किती गटांनी अर्ज केला? अम्मीच्या हातच्या मसाल्याचं कौतुक आपण रमजानभर करतो, तिच्यासाठी एक अर्ज भरायला दोन तास काढत नाही.

मामेभावाचं पुढं काय झालं, तेही सांगतो. त्यानं शेजारच्या बांधावरच्या सहा जणांना गोळा केलं. सहांपैकी चौघांच्या नावावर जमीन नाही. दोन बाया आहेत. सगळ्यांनी मिळून पीक पाहणीच्या दाखल्याची मागणी लिहून दिली. अजून उत्तर आलेलं नाही. पण अर्ज नोंदवला गेलाय, त्याच्यावर आवक क्रमांक आहे, आणि या वेळी खिडकीवर सात माणसं उभी होती.

येत्या बाजाराला तुम्हीही जा. भाजी घ्या, आणि विकणाऱ्याला बाजाराची पावती दाखवायला सांगा. तिच्यावर किती रुपये लिहिलेत ते वहीत उतरवून घ्या. किती जणांकडं पावतीच नाही, तेही लिहा. सुरुवात करायला एवढी वही पुरते.